घरच्यांची उदाहरणं

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच.) तुझा गुडघा वाकू लागला का? भावजींचं घोरणं काय म्हणतं? आम्ही सगळे मजेत आहोत. फक्त माझ्याशी कोणी धड बोलत नाही.

साप्ताहिकात मी कोर्टाचे निकाल सोपे करून सांगतो, हे तुला ठाऊक आहेच. (तू वाचत नाहीस, हेही मला ठाऊक आहे.) आता खासगीपणावरचा निकाल म्हणजे चांगला जाडजूड गठ्ठा. तो वाचकाच्या गळी उतरवायचा तर उदाहरण हवं, आणि उदाहरणं काय बाजारात मिळतात? हाताशी होती ती घेतली. लोकांची माहिती किती वर्षं साठवावी, यावर लिहिताना मी एवढंच म्हटलं की आमच्या घरी एका व्यक्तीकडे लग्नापासूनच्या सगळ्या भांडणांचा साठा तारीखवार आहे आणि तो कोर्टाच्या बापालाही पुसता यायचा नाही. बायकोने अबोला धरला (लेखन मात्र निवांत झालं). मग चौकाचौकांत कॅमेरे लावायचं सरकारी धोरण आलं. मी सुचवलं, एवढा खर्च कशाला, सासूबाईंची खुर्ची खिडकीत आहेच. फक्त डावा डोळा जरा अधू आहे. त्यांना कॅमेरा म्हटल्याचं काही वाटलं नाही, उलट कौतुकच वाटलं. पण डोळ्याची गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून त्या खवळल्या. (आणि कायद्याने त्यांचंच बरोबर. प्रकृतीची माहिती खासगी असते, हे मीच आदल्या अंकात लिहिलं होतं.)

कळस झाला तो लेकीच्या बाबतीत. सज्ञान मुलांच्या फोनवरच्या बोलण्यात आईबापांनी नाक खुपसू नये, असा निकाल आला. मी त्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि लिहिलं की आमची कन्या फोन आला की गॅलरीत जाऊन दार लावून घेते, तरी मी एका शब्दाने विचारत नाही. मी नाहीच विचारलं गं. बेकरीवाल्याने विचारलं, शिंप्याने विचारलं, दातांच्या डॉक्टरने तर तिला आ करायला लावून विचारलं. तेव्हापासून लेक मला काही सांगेनाशी झाली. मी खोलीत शिरलो की ती आईशी पंख्याच्या वेगाबद्दल बोलायला लागते. ताई, खरं सांगतो, हे मला फार लागलं.

शेवटी घरात खंडपीठ बसलं. अध्यक्षस्थानी सासूबाई. माझी बाजू रीतसर ऐकून घेतली (माझ्या तोंडात घास असताना) आणि एकमताने निकाल दिला: यापुढे या घरातलं माणूस, मांजर वा फर्निचर छापून येणार नाही. मी मुकाट्याने बिनउदाहरणाचा लेख पाठवला. संपादक म्हणाले, "तपासताना माझाच डोळा लागला." असंच चाललं तर सदर बंद होणार. असो. प्रकृतीला जप.

तुझाच,
भोंगा
(हे नाव तूच ठेवलं होतंस.)

ता. क. निकाल फक्त 'या घरातल्या' माणसांपुरता आहे. भावजी दुसऱ्या घरात राहतात. शेजाऱ्यांनी झाडांना पाणी घालायला किल्ली दिली आणि हे रोज दुपारी त्यांच्या आरामखुर्चीत झोप काढून येतात, हे उदाहरण 'माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरावी' या निकालाला काय चपखल बसतं! तेवढी परवानगी काढून दे. (त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं होतं. तुला माहीत नसेल, तर नसू दे.)

ता. क. दुसरा. तो बिनउदाहरणाचा लेख लेकीने शेवटपर्यंत वाचला (असा वाचक एकच). काल संध्याकाळी आपणहून माझ्याजवळ येऊन बसली आणि गॅलरीतली गोष्ट सगळ्यांत आधी मला सांगितली. काय ते मी तुला सांगणार नाही. मेलो तरी नाही. रविवारी ती स्वतःच तुला फोन करेल, तेव्हा आश्चर्य वाटल्यासारखं कर, आणि भावजींना नवा कोट शिवायला टाकायला सांग.