गाडीची पडवी

अप्पा, आज दुपारी मी फार घाबरले, आणि ते सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आपलं ताडपत्रीचं दुकान मीच चालवते, पण ट्रकवाले कमी झालेत आणि भलतीच गिऱ्हाइकं वाढलीत. गेल्या आठवड्यात एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई आल्या. जुनी व्हॅन घेऊन त्यांनी तिच्यात पलंग, शेगडी, पंखा असा सगळा संसार मांडलाय. त्यातच राहून देश फिरायचा म्हणे. दाराबाहेर बसायला सावली हवी होती. मास्तर तिला ऑनिंग म्हणत होते. बाई म्हणाल्या, "पडवी म्हणा की सरळ. गाडीला पडवी पायजे."

काम मी मन लावून केलं. जाड कापडाच्या कडेत दोर घालून शिवला, टपाच्या काठाला पट्टी ठोकली आणि तिच्या खाचेत ती कड सरकवली. पुढं दोन खांब, त्यांना जमिनीतल्या खुंट्यांचा आधार, आणि कापडाचे कोपरे खांबांना दोरानं बांधलेले. मास्तर म्हणाले, "दोराचं काही खरं नाही. सुटणारच नाही असं काहीतरी करा की." मी दोर काढून दोन्ही कोपऱ्यांना पट्टे आणि लोखंडी आकडे लावून दिले आणि स्वतःवरच खूश झाले. आज सकाळी ते नातीला घेऊन कुंभारीला त्यांच्या मोकळ्या जागेत गेले, सराव म्हणून.

दुपारी दुकानासमोर वावटळ उठली. शेजाऱ्याची पाटी उडाली. तुमचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला, "एका कोपऱ्याला सुरगाठ पायजेच. वारा आला की तेवढा कोपरा सुटतोय, बाकीचं ऱ्हातंय. समद्या निरगाठी मारल्या की वारा खांबासकट उचलतोय बग." हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं, तरी मी विसरले. खरं सांगते, गिऱ्हाइकानं वाहवा करावी म्हणून विसरले.

मास्तरांना तीनदा फोन लावला, उचलला नाही. शटर अर्धं ओढून स्कूटर काढली. रस्ताभर मला कुंभारी दिसतच नव्हती, माढ्याचा बाजार दिसत होता. मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही आणि तुमचे जोडीदार, ज्यांना मी काका म्हणायची, कापडवाल्याच्या दुकानावर ताडपत्री बांधून, चहाला जाऊन येऊन खाली बसलाय. वारा येतो, ताडपत्री फुगते, खांब उखडतो आणि तुमच्या खांद्यावर बसतो. खांदा धरून तुम्ही आधी गाठी बघता. चारही निरगाठी. "हा कोपरा तुजा हुता," तुम्ही काकांना म्हणता. "मी सुरगाठच मारलीती, देवाशपथ," ते म्हणतात. तुमचा हात तीन महिने गळ्यात होता. काकांबरोबर तुम्ही पुन्हा कधी काम केलं नाहीत. मी तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्या दोघांच्या मध्ये उभी होते.

कुंभारीला पोचले तर नात पडवीखाली सतरंजीवर झोपलेली. कापड फुगलेलं, एक खांब जमिनीवरून वीतभर उचलला जाऊन परत आपटत होता, अगदी तिच्या डोक्याशी. मास्तर दोन्ही हातांनी तो धरून हसत होते. "बघा, सुटत नाही की!" "पोरीला आत घ्या!" मी इतक्या जोरात ओरडले की बाईंच्या हातातली बशी पडली. त्यांनी नातीला उचलून गाडीत नेलं. ताणामुळे आकडा निघेना. शेवटी शिवणाच्या कात्रीनं पट्टाच कापला. तो कोपरा फडफडत वर गेला आणि खांब जागच्या जागी थांबला.

वारा पडल्यावर मी तिथं दोर लावून सुरगाठ मारली. मास्तरांनी विचारलं, "कशानं झालं हो?" मी म्हणाले, "चूक माझी. हा कोपरा मी चुकीचा बांधला होता." त्यांनी मान हलवली. बाईंनी चहा दिला. एवढंच झालं, अप्पा. ते वाक्य बोलून मी मेले नाही.

माढ्याला काकांची गाठ मला ढिली वाटली होती. तुम्ही दोघं चहाला गेलात तेव्हा मी ती सोडली आणि घट्ट निरगाठ मारली. तुम्ही शाबास म्हणाल असं वाटलं होतं.

काका अजून आहेत. सात रस्त्याजवळ टपरीवर बसतात, मी दिसले की हाक मारतात, "काय पोरी, बरी हाईस न्हवं?" हे पत्र त्यांना द्यायला हवं, मला कळतंय. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही माझ्याकडे बघणार नाही.