दीड चांदणीचा सिनेमा

भांडुप,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय विमल,

आम्ही सगळी बरी आहोत. माझा गुडघा आहे तिथेच आहे. तू बरी असशीलच. रागावलीस की तुझी तब्येत सुधारते. मी सांगते आहे आणि नात रुचिरा लिहिते आहे. तू फोन कापतेस म्हणून पत्र. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस, हे मला ठाऊक आहे. रुचिराचं ऑफिस तुमच्या मालाडलाच, तीच आणून देईल. तिला चहा दे. भांडण माझ्याशी आहे.

विशालच्या सिनेमाचं विचारशील. नाही विचारणार, तरी सांगते. नातवाने पहिल्यांदाच हिंदी सिनेमाचे संवाद लिहिले म्हणून आम्ही मजलाभर पेढे वाटले, आणि शुक्रवारी पेपरवाल्यांनी चांदण्या वाटल्या. एकाने साडेतीन, दुसऱ्याने दीड. साडेतीनवाला म्हणतो, दोस्तीवर इतकं मोकळं हसवणारं बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. दीडवाला म्हणतो, मध्यंतरात दोन्ही मित्र घरी गेले असते तर प्रेक्षकही सुटले असते. विशाल पहिलं आम्हाला मोठ्याने वाचून दाखवतो आणि दुसरं बाथरूममध्ये जाऊन वाचतो.

सूनबाई म्हणाली, "आई, त्याला जरा काही बोला ना."

म्हटलं, "अगं, तुझ्या आमटीला या घरात चार मतं पडतात. हा तर सिनेमा."

सिनेमातल्या त्या दोघा मित्रांतल्या जाड्याचं हसू तुझं आहे, असं तुझ्या सुनेने तुला सांगितलं. खरं आहे. सगळे हसून गप्प झाले की तो एकटाच हसतो. आपल्या दोघींचे विशालने बाप्ये केले, एवढंच. साडेतीनवाल्याला ते हसू सगळ्यांत गोड वाटलं. दीडवाल्याने लिहिलं, मठ्ठ माणसाची टिंगल सोपी असते, आणि हा उशिरा का हसतो याचं कारण सिनेमाभर कुठेच सापडत नाही.

तू तो मठ्ठ शब्द धरून बसलीस. "माझं हसू विकलंस गो, वनमाले," म्हणालीस आणि फोन आपटलास.

विकलं नाही. फुकट दिलं.

पण दीडवाल्याचं बरोबर आहे. उशिरा हसण्याचं कारण मी विशालला सांगितलंच नाही. लग्न होऊन गावाहून आले तेव्हा मला हिंदीचा शब्द कळत नव्हता. आपण सिनेमाला जायचो तेव्हा विनोद झाला की तू आधी तो माझ्या कानात मालवणीत सांगायचीस, मग आपण हसायचो. तोवर पडद्यावर कोणाचा तरी बाप मेलेला असायचा आणि मागचे लोक ओरडायचे. नातवासमोर हे कुठे काढू? रुचिराने आता पेन थांबवलंय. लिही गो, माझ्याकडे काय बघतेस.

अजून एक आहे. विशालचा बाप शाळेत जायला लागला तोवर मला हिंदी सगळं कळायला लागलं होतं. भाजीवाल्याशी भांडून शिकले. तुला बोलले नाही. तू कानाशी येऊन सांगायचीस ते पडद्यावरच्यापेक्षा झकास असायचं, अर्धं तर तुझ्या पदरचंच. म्हणजे पुढची सगळी वर्षं तू उगाच उशिरा हसलीस. त्याचा राग वेगळा धर, हवं तर.

रविवारी मुलुंडला सगळ्यांबरोबर जाऊन पाहिला. प्रत्येक विनोद मला पहिल्या फटक्यात कळला. एकदाही हसू आलं नाही.

विशालने हळूच विचारलं, "आजी, तुलापण नाही आवडला?"

म्हटलं, "मला नीट ऐकू नाही आलं रे."

शुक्रवारी सिनेमा उतरतो आहे. गुरुवारी दुपारी शेवटचा खेळ. रुचिरा दोन तिकिटं काढते आहे. डाव्या कानाकडची खुर्ची तुझी, नेहमीसारखी. रागातच ये. मठ्ठ कोण, ते आत बसून ठरवू. मागचे ओरडले तर ओरडू देत, त्यांना सांगेन की सिनेमा आमच्या घरचा आहे.

तू सांगेपर्यंत न हसणारी,
वनमाला