परत येण्याचा पत्ता

६ फेब्रु. १९९४, रविवार
सकाळी बाजारात पपनस दिसलं आणि एकोणसत्तर साल आठवलं. शाळेची सहल नंदीच्या डोंगरावरून परतत होती. देवनहळ्ळीपाशी बस बंद पडली. दीड तास रस्त्याच्या कडेला. माझ्याबरोबर गणित शिकवणाऱ्या एडविनने एका म्हाताऱ्याकडून चार पपनसं घेतली आणि खिशातल्या चाकूने सोलली. आधी मुली, मग सिस्टर, मग मी. प्रत्येक फोडीचा पांढरा पापुद्रा काढून द्यायचा. स्वतःला शेवटची, नुसत्या बियांची. तेव्हा माझंही लग्न झालेलं, त्याचंही. मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं.

आता मी अठ्ठावन्न, ए. एकसष्ट. माझा नवरा माधव जाऊन अकरा वर्षं, ए.ची ग्रेस जाऊन सहा.

विजूचं पत्र आलं. धाकटी बहीण, विलायतेत लेस्टरला आहे. लिहिते, "अक्का, दोघं इकडे या. नोटीस इथेही लागते, पण ती वाचायला इथे आपलं कोण बसलंय? महिनाभर राहा, सह्या करा, परत जा. व्हिजिटर व्हिसावर चालतं, मी विचारलंय."

इथल्या रजिस्ट्रारकडे लग्नाची नोटीस तीस दिवस बोर्डावर राहते. त्या ऑफिसातला कारकून भावजयीच्या मावसबहिणीचा जावई. रेवतीसाठी, म्हणजे माझ्या भाचीसाठी, स्थळं बघणं चालू आहे. त्यात आत्याची नोटीस नको.

जायचं ठरवलं.  लिहिताना हसू आलं.

११ फेब्रु., शुक्रवार
फॉर्म भरले. ए.च्या कुक टाऊनच्या खोलीवर, दार उघडं ठेवून. घरमालकीणबाई दोनदा जिन्यावरून डोकावून गेल्या. त्या एकट्या पुरुषांनाच खोली देतात.

'भेटीचा हेतू' या रकान्यात ए.ने मोठ्या अक्षरांत लिहिलं: विवाह, आणि परत येणे. मी म्हटलं, नुसतं 'बहिणीला भेटणे' लिहिलं तर? म्हणाला, "सुधा, चाळीस वर्षं मुलींना पायऱ्या लिहायला लावल्या. आता थेट उत्तर लिहू?"
तसंच लिहिलं.

त्याची कोंकणी, माझं मराठी. निम्मं कळतं, निम्मं अंदाजाने. भांडायचं झालं की दोघंही इंग्रजीत.

१५ फेब्रु., मंगळवार
घर वडिलांनी माझ्या भावाच्या, दत्ताच्या नावावर केलं, मला माडी तहहयात. माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे, पण कागदावर घरमालक तो. म्हणून माझ्या अर्जाबरोबर त्याचं पत्र हवं. त्याला सगळं माहीत आहे. दिवाळीत मी सांगितलं होतं. तेव्हा 'सरी अक्का', बरं, एवढंच म्हणाला आणि चिक्कपेटला कापडाच्या दुकानावर निघून गेला. पुढे विषय काढला नाही.

आज पत्र आणून दिलं. दुकानातल्या टायपिस्टकडून केलेलं, छान मार्जिन वगैरे. त्यात असं: माझी विधवा भगिनी आमच्या धाकट्या बहिणीकडे हवापालटासाठी जात असून, आमच्या कुटुंबाचे वयोवृद्ध स्नेही श्री. एडविन सोबतीला जात आहेत.

वयोवृद्ध. ए.ला सांगितलं तर रुसेल.

बदलून आण म्हणायला हवं होतं. तो समोर उभा होता, चपला न काढता, जिन्याकडे बघत. टायपिस्टला 'लग्न' हा शब्द सांगताना त्याला काय झालं असतं, ते दिसत होतं. मला दया आली. लाजही वाटली, आपली आपल्यालाच. घडी घालून पाकिटात टाकलं.

२७ फेब्रु., रविवार
रेवतीला बघायला लोक आले. मुलगा इंजिनियर, सर्जापूर रोडकडे कुठल्याशा कारखान्यात. बरा वाटला, मान वर करून बोलतो. त्याच्या आईने विचारलं, "या कोण?" भावजय शालिनी म्हणाली, "आमच्या वन्सं. माडीवर असतात. पूजाअर्चा, शाळेचं पेन्शन, काही कटकट नाही."

खाली कपबश्या विसळताना तेच शब्द कानात. काही कटकट नाही.

१० मार्च, गुरुवार. मद्रास
आधी सगळं लिहून काढते, मग कढ ओसरेल.

काल सकाळच्या गाडीने आलो. मी कॉन्व्हेंटच्या पाहुण्यांच्या खोलीत, ए. त्याच्या चुलतभावाकडे. आज व्हिसा ऑफिसात दहाला नंबर. हॉलमध्ये नव्या नवऱ्यामुली, हातावरची मेंदी न गेलेल्या. मी ओठांवर थोडं व्हॅसलीन लावलं होतं, ते पुसून टाकलं.

मला एका खिडकीवर बोलावलं, त्याला शेजारच्या. मधे लाकडी पट्टी. माझ्या खिडकीत सर्दी झालेली एक तरुण बाई. रुमाल नाकाला, पण आवाज नम्र.
"लग्न करून परत याल?"
"हो."
"कशावरून?"
"माझं पेन्शन इथे आहे."
"ते तिकडेही मागवता येतं. परत येऊन कुठे राहाल?"
"मल्लेश्वरम. भावाच्या घरी. माडी माझी आहे."
"दोघं?"

 इतक्यात पलीकडून ए.चा आवाज. गणिताच्या तासाला असायचा तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "कुक टाऊन. माझी खोली आहे तिथे."

बाईने दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. मग दत्ताचं पत्र काढलं. वाचलं. परत वाचलं. "तुमचे बंधू म्हणतात हे सोबतीला चाललेत. मॅडम, त्यांना माहीत नाही का?"
"माहीत आहे."
"मग असं का लिहिलं?"

काय सांगायचं तिला? म्हटलं, संकोच. तिने रुमाल खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. तिरस्कार नव्हता, फक्त कळत नव्हतं.

शेवटी म्हणाली, दोन्ही अर्ज एकत्रच ठरवू. एकतीस तारखेच्या सकाळपर्यंत, ईस्टरच्या सुट्टीआधी, घरमालकाचं नवं पत्र आणा. लग्नानंतर दोघं परत येऊन कुठे राहणार, ते त्यात स्पष्ट हवं. नाही तर नकार. नकाराचा शिक्का एकदा बसला की पुढच्या अर्जाला जड जातं, हेही तिनेच सांगितलं.

बाहेर फुटपाथवर ए. म्हणाला, "आपण तारीख ठरवली, कोट शिवला, विजूकडे कुठली खोली तेही ठरवलं. परत आल्यावर कुठे, हे कधी बोललोच नाही."
मी म्हटलं, "तू विचारशील असं वाटलं."
"मला वाटलं तू सांगशील."

या वयात. लाजत बसलो दोघंही.

१२ मार्च, शनिवार
घरी. दत्ताला दुकानातून आल्या आल्या सांगितलं. नवं पत्र हवं. त्यात दोन गोष्टी: आम्ही लग्नाला चाललोय, आणि आल्यावर दोघं इथे, माडीवर.

त्याने चष्मा काढून पुसला. "कागदावर, अक्का?"
"कागदावरच."
"आणि रेवतीच्या सासरचे?"
"अजून होकार कुठे आलाय त्यांचा?"
हे बोलायला नको होतं. जेवायला न बसता आत गेला.

१६ मार्च, बुधवार
काही नाही. दत्ता सकाळी लवकर जातो, उशिरा येतो. लग्नानंतर दोघांना ठेवाल का, असं ए.ने घरमालकीणबाईंना विचारलं. "ईस्टरनंतर बघू" म्हणाल्या. ईस्टरनंतर आमचं काय उरलंय?

२० मार्च, रविवार
शालिनी वर आली. लग्न होऊन तेवीस वर्षं झाली, पण माडीवर येऊन बसली अशी चार-पाच वेळाच. पलंगाच्या कडेवर टेकली.
"लंडनला लग्न आणि नांदायला मल्लेश्वरम. सरी."
"लंडन नाही, लेस्टर."
"मला काय, दोन्ही सारखंच. अक्का, एक विचारू? ह्यांनी पहिलं पत्र दिलं, ते तुम्ही वाचलं होतं ना?"
"वाचलं होतं."
"मग तेव्हाच का नाही म्हणालात? ह्यांनी खोटं लिहिलं म्हणून चार दिवस तोंड फिरवून बसलात. तुम्हालाही ते खोटं बरंच वाटलं की."

 ती उठली, जाताना पडदा नीट केला. "मुलाकडच्यांचा होकार आलाय. काल. तुम्हाला सांगायला आले होते, राहूनच गेलं."

रेवतीला खाली जाऊन जवळ घेतलं. तिने कानात विचारलं, "आत्या, साडी कुठली नेसणार तिकडे?" तिला कुणी सांगितलं, कोण जाणे. अंजिरी, म्हटलं.

२४ मार्च, गुरुवार
कब्बन पार्कात, नेहमीचा बाक. ए. आधीच आलेला. म्हणाला, सोडून देऊ या. लग्नच हवं असं थोडंच आहे? गुरुवारी बाक, रविवारी फोन, आजारी पडलं तर एकमेकांना बघणं. चाललंय की.

मी म्हटलं, तू आजारी पडलास तर मला कोण आत सोडेल? गेल्या वर्षी तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वॉर्डच्या दाराशी नर्सने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, शाळेतली. तिने पाच मिनिटं दिली. घड्याळ बघून.

 मग म्हणाला, "भावावर जोर करू नकोस. त्याने मनाविरुद्ध लिहिलं, तर त्या घरात मी पाय कसा ठेवू?"
बरोबर आहे. म्हणूनच भीती वाटते. दत्ता नाही म्हणू शकतो, हा हक्क ए.नेच त्याला देऊन टाकला.

घरी चालत आले. गुडघा दुखतोय.

२७ मार्च, रविवार
ए. चर्चहून परस्पर आला, हातात झावळीच्या पानाचा छोटा क्रूस. आज त्यांचा पाम संडे. पहिल्यांदाच फाटकातून आत. दत्ता ओसरीत पेपर वाचत होता. उठला. "बसा सर," म्हणाला. कन्नडमध्ये हवा, पाणी, आनेकलच्या नव्या गिरणीतलं कापड कसं येतं, सगळं बोलले. पत्राबद्दल दोघांनीही एक अक्षर काढलं नाही. शालिनीने कॉफी दिली. पेला स्टीलचा की काचेचा, यावर स्वैपाकघरात तिचा क्षणभर विचार झाला, तो मी पाहिला. स्टीलचा दिला, घरातलाच.

ए. गेल्यावर दत्ता वर आला. कठड्याला हात लावून बाहेर बघत राहिला.
"मांसमच्छी खातो ना तो?"
"खातो. माझ्यासमोर कधी नाही."
"जिना बाहेरूनच आहे नाही का. देवघरावरून जावं लागत नाही."
"नाही लागत."
"नळाला प्रेशर कमी आहे वर."
"मला पुरतं."
"एकटीला पुरतं," म्हणाला. उतरून गेला.

याचा अर्थ काय लावायचा? हे सगळं पुन्हा पुन्हा मनात घोळवतेय आणि दर वेळी वेगळा अर्थ निघतोय.

२८ मार्च, सोमवार
संध्याकाळी दत्ताने पाकीट दिलं. डिंकाने बंद, वर दुकानाचा शिक्का, व्हिसा ऑफिसरच्या नावे. टाइप केलेलं नाही, पत्ता त्याच्याच हातचा.
"टायपिस्ट?"
"त्याला काय कळतंय. मीच लिहिलं."
"काय लिहिलंस?"
"खरं ते लिहिलं." मग, "वाचायचं असेल तर फोड. दुसरं पाकीट देतो."
"नको."

त्याने मान हलवली. सुटल्यासारखा दिसला की दुखावल्यासारखा, सांगता येत नाही. त्याच्या लेखी खरं काय, हे मला माहीत नाही. घर त्याचं, दार त्याचं.

ए.ला फोन केला. म्हणाला, वाफेवर धरलं तर उघडतं. चेष्टेने. मग लगेच, "नको धरू." पहिलं वाचून गप्प बसले होते. हे न वाचता नेणार. तिथे ती बाई उघडेल तेव्हाच मलाही कळेल.

२९ मार्च, मंगळवार
उद्या सकाळची गाडी. एकतीसला नंबर. एक पिशवी भरली, पाकीट पर्समध्ये, पासपोर्टमध्ये घालून.

दत्ताने 'हो' लिहिलं असेल आणि शिक्का मिळाला, तर महिनाभर लेस्टर आणि मग दोघं याच माडीवर. तसं झालं तर खालचं सगळं खोडून टाकायचं. 'नाही' असेल तर या घरात पूर्वीसारखी येऊन राहणं मला जमणार नाही. तेव्हा कुठे, ते ए.शी बोलायचंय. या खेपेला आधी बोलायचं. मद्रासहूनच दुसरीकडे जावं लागलं तर शालिनीला फोन करून ही वही काढायला सांगेन. म्हणून लिहून ठेवते:

आईच्या पाटल्या रेवतीला. आताच द्याव्यात, लग्नाच्या दिवसाची वाट बघू नये. एक थोडी वाकडी आहे, सोनाराकडे नेऊ नका, आईच्या हाताने वाकलेली आहे.

शिवणयंत्र शालिनीला. ती मागणार नाही, म्हणून आधीच तिच्या खोलीत नेऊन ठेवावं. तेल महिन्यातून एकदा.

माधवचा कोट आणि घड्याळ त्याच्या पुतण्याला, हुबळीला. पत्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

बक्षिसाची पुस्तकं शाळेला. सिस्टर हयात नाहीत, तरी लायब्ररीत घेतील. कोपऱ्यातल्या फळीवरची जुनी मासिकं रद्दीत, त्यात काही शोधू नये.

बाळकृष्ण देवघरातच राहील. तो माझा नव्हता, घराचा होता. दुधाच्या नैवेद्याचं शालिनीला ठाऊक आहे.

गच्चीतल्या कुंड्या ज्याला पाणी घालणं होईल त्याला. अबोली सोडून. अबोली ए.ला, कुक टाऊनला खिडकीत ऊन आहे.

दत्ताला काय द्यायचं ते कळत नाही. काल सुचलं नाही, आजही नाही. पाटीवर अक्षरं मी गिरवून घेतली होती त्याच्याकडून, ती पाटी केव्हाच फुटली. शाई भरायचं हिरवं पेन द्यावं. पाकिटावरचा पत्ता त्याने बॉलपेनने लिहिलाय.

माडीची किल्ली कुणाला, ते आज लिहीत नाही. बरोबर नेतेय.