साडेतीन किलो उटणं

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ६.१०
दसरा संपला एकदाचा. काल सोनं द्यायला आलेल्यांपैकी दोघांनी 'गिफ्ट हॅम्पर' दिले. वर जाळी, रिबीन, आत प्लॅस्टिकचं गवत. गवतात दोन मेणबत्त्या, त्यांना साबणाचा वास. एक साबण, त्याला आइस्क्रीमचा वास. शिसारी आली. माणसं इतकी आळशी कधी झाली?

निश्चय: या दिवाळीला या घरात विकतचं काही येणार नाही. उटणं, तेल, ओठांचं मलम, द्यायच्या भेटी, सगळं घरी.

यंदा नंदूचा दिवाळसण आहे. मे महिन्यात लग्न झालं, त्यानंतर ती एकदाच माहेरी आली, तीही दीड दिवस. आता धनत्रयोदशीला दोघं पुण्याहून येणार आणि पाडवा करून गुरुवारी जाणार. पाच रात्री. मला त्याचं विशेष काही नाही. पण जावयाला कळायला हवं की मुलगी कुठल्या घरातली आहे.

मी बी.एस्सी., गृहविज्ञान, १९८४. प्रॅक्टिकलची वही अजून आहे.

हे म्हणाले, "विकतचं उटणं काही वाईट नसतं." एक्केचाळीस वर्षं संसार करून माणूस असं बोलतो.

५ ऑक्टोबर, रविवार
ओठांचं मलम. वहीत मधमाशांचं मेण लिहिलंय. सोलापुरात आज रविवारी ते कुठे मिळणार? हॅम्परमधली मेणबत्ती वितळवली. (हे विकत आणलेलं नाही, भेट आलेलं आहे. निश्चय मोडत नाही.) त्यात तूप आणि बिटाचा रस.

प्रयोग यांच्यावर केला. तोंड उघडायला त्रास होतोय असं खुणेने सांगितलं. दिवसभर घर शांत. मलम यशस्वी.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी
गच्चीवर सगळ्या बिल्डिंगचं दूध मी केलं. पाकिटातला मसाला म्हणजे रंगवलेली पिठी. मी उटण्यासाठी वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड घातली. क जीवनसत्त्व. दूध फाटलं. दूध भेसळीचं असणार.

सगळ्यांना चमच्याने दिलं. समोरच्या सुकन्यावहिनी म्हणाल्या, "काहीतरी नवीन आहे की!" एवढ्या एकाच बाईला चव आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी २
उटण्याचा दिवस. मसूरडाळ, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, गुलाबपाकळ्या, संत्र्याची साल. सगळं उन्हात खडखडीत वाळवलेलं. हे पीठगिरणीत दळायचं नसतं. दळताना वस्तू तापते आणि सुगंध उडतो. कांडलं की उडत नाही. हे शास्त्र आहे. म्हणून मायाक्काला घेऊन भवानी पेठेत कल्लप्पाच्या कांडपाच्या डंकावर गेले.

मायाक्का आमच्याकडे बारा वर्षं कामाला आहे. दुधनीची. तोंड मोटरसारखं चालतं.

डंकावर घाणेरडी गर्दी. दिवाळीला पुण्या-मुंबईला धाडायची शेंगाचटणी सगळं गाव एकाच दिवशी कांडून घेतं. हवेत मिरची, फरशीवर तेल, कल्लप्पाच्या भुवयासुद्धा तांबड्या. वास असा की घसा धरला. तो म्हणाला, "बाई, सकाळधरनं नुस्ती चटनीच कांडतोय. उद्या सकाळी या की. उखळ सोड्यानं धुतो, पयला नंबर तुमचा."

मी म्हणाले, उद्या माझ्या वेळापत्रकात पिशव्या शिवणं आहे. मूठभर तांदूळ टाक, फिरव, काढून टाक. उखळ स्वच्छ होतं. माझ्या वहीत आहे.

"तांदळानं वास जातोय बाई. तिखट न्हाय जात."

त्याला विचारलं, किती शिकलास? तो म्हणाला, "डंकावर तीस वर्षं." म्हणजे शून्य.

मायाक्का मध्येच, "अय्यो, ऐका की बाई त्येचं! मिरची लई वंगाळ." दोघांनाही गप्प केलं. तांदूळ टाकले. ते बाहेर आले तेव्हा गुलाबी होते, म्हणजे घाण निघाली. मग उटणं.

साडेतीन किलो भरलं. रंग सुरेख तांबूस. मसूरडाळीमुळे.

रात्री हे डब्याजवळ गेले आणि म्हणाले, "याला शेंगदाण्याचा वास येतोय." मग अकरा शिंका. यांना काम दिसलं की शिंका येतात. मी काम सांगायच्या आधीच सुरू झाल्या.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
जुन्या चादरींच्या पिशव्या शिवल्या. चाळीस. हॅम्परची जाळी बघा आणि ही सोलापुरी चादर बघा. तीन पिशव्यांचे बंद शिवतानाच निघाले. त्या आपल्याच माणसांना देईन.

मायाक्का उटणं भरायला बसली ती दोन्ही हातांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधून. प्लॅस्टिक! माझ्या घरात! काढ म्हणाले. काढल्या. अर्ध्या तासाने हात बादलीत घालून बसली. म्हणते, "बाई, आग हुतीया वो." सांगितलं, भांड्याच्या पावडरीने तुझी कातडी गेली आहे, राखेने घासत जा. ती म्हणाली, "राखंनं घासलं तर हात ऱ्हातील का तरी?"

दुपारपासून कामाला नाही. तब्येत म्हणे. बाकीच्या पिशव्या मी चमच्याने भरल्या. चमच्याने काम स्वच्छ होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
सुकन्यावहिनींना एक पिशवी आधीच दिली. संध्याकाळी दारात उभ्या, गाल लाल. म्हणाल्या, "वहिनी, जरा चुरचुरतं हो." मी समजावलं, चुरचुरतं म्हणजे काम करतंय, रंध्रं उघडतात. तुम्हाला फेसवॉशची सवय, कातडी झोपलेली आहे, तिला जाग येतेय. "मग मेलीला झोपू दे की!" म्हणाल्या आणि गेल्या. विनोदी बाई आहे. चव आहे असं मी आधी लिहिलं होतं, ते मागे घेते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
विहीणबाईंना पुण्याला पंधरा पिशव्या बसने पाठवल्या. त्यांच्या सोसायटीत वाटायला. सोबत माझ्या अक्षरात पत्रक: कसं लावावं, किती वेळ ठेवावं, का लावावं. 'का' ला दीड पान लागलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी १२.३०
विहीणबाईंचा फोन. उत्साहाने आधीच लावून पाहिलं. म्हणाल्या, "परिणाम फारच लगेच जाणवला हो. चेहरा अगदी लालबुंद." मी म्हणाले, रक्ताभिसरण. त्या म्हणाल्या, "हो का?" भारावल्या असणार.

संध्याकाळी ७
नंदूचा फोन. शनिवारी जमत नाही, रविवारी येतो. आणि गुरुवारपर्यंत नाही, मंगळवारी लक्ष्मीपूजन करून निघतो. जावयाला, अभिमन्यूला, सुट्टी नाही. पाचाच्या दोन रात्री झाल्या. रुसायचं वगैरे? मी त्यातली नाही.

मग म्हणाली, "आई, उटणं आम्ही आणू का? अभीची स्किन सेन्सिटिव्ह आहे."

पुरुषाला कातडी असते. सेन्सिटिव्ह वगैरे जाहिरातवाल्यांनी काढलेलं आहे. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, प्लीज." हे 'प्लीज' ऐकलं की कपाळात तिडीक जाते. आईला प्लीज म्हणतात का?

१९ ऑक्टोबर, रविवार. रात्री ९
आले. चार तासांच्या प्रवासाला आठ लागले म्हणे. अभिमन्यू वाकून पाया पडला. मुलगा बरा आहे. मिश्यांना काहीतरी चोपडतो, त्याचा वास येतो. किळसवाणा.

नंदू बारीक झाली आहे. जेवताना माझ्या शेजारी बसली. तिच्या पर्समध्ये विकतच्या उटण्याचं पाकीट दिसलं, मी काही शोधत नव्हते, पर्स उघडी होती. पाकीट ताब्यात घेतलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. तिने पाहिलं. म्हणाली, "आई, एवढंच ऐक ना माझं." मी म्हणाले, झोप, पहाटे उठायचंय.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी. सकाळी ८
सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको.

५.१० ला पाट, रांगोळी, पणत्या. अभिमन्यू पाटावर. नंदूने तेल लावलं. मी तीळतेल कोमट केलं होतं, उत्तम मुरलं. मग मी वाटी पुढे केली आणि म्हणाले, चेहरा, मान, छाती, पाठ. सढळ हाताने. नंदू थांबली. मी म्हणाले, पहिली दिवाळी आहे, त्याच्या सासूचा मान ठेव. तो बिचारा म्हणाला, "लाव गं, आईंनी एवढं केलंय."

पहिलं मिनिट काही नाही. मग म्हणाला, "आई, थोडं गरम वाटतंय." मी म्हणाले, वनस्पतींचा गुण. मग त्याचे डोळे भरून आले. माझ्या मनात आलं, मुलगा हळवा आहे, आजकाल जावयाचं एवढं कोण करतं? त्याने डोळे पुसले. उटण्याच्याच हातांनी.

त्यानंतर तो उठला. कारीट पायाखाली फोडायचं असतं, ते न फोडताच पळाला. बाथरूममधून आवाज. मी बाहेरून सांगत होते, गरम पाणी घ्या, अभ्यंगाला गरमच लागतं. घेतलं. आवाज वाढला. खालचे लोक फटाके थांबवून वर बघायला लागले.

हे दाराशी उभे. म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, शेंगदाण्याचा वास?" सणाच्या दिवशी माणसाने एवढं क्षुद्र होऊ नये.

नंदू आत त्याच्यावर पाणी ओतत होती. चाळीस मिनिटांनी बाहेर आली आणि एवढंच विचारलं, "आई, तू एकदा तरी स्वतःच्या तोंडाला लावून पाहिलंस का?"

हा काय प्रश्न झाला! मी पस्तीस वर्षं साधं डाळीचं पीठ लावते. माझ्या कातडीला गरज नाही.

सकाळी ११.४५
गेले. आधी डॉक्टरकडे, तिथून परस्पर पुण्याला. अभिमन्यूचे डोळे उघडत नव्हते तरी तो पाया पडायला वाकला. दिशा चुकली, कपाटाच्या पाया पडला. पण संस्कार आहेत.

नंदूने मागे वळून पाहिलं नाही. घाईत असेल.

एक रात्र.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
दोघांचीच पूजा. फराळ कोणी खात नाही. कल्लप्पाकडे जाऊन त्याला सुनावलं, उखळ नीट ठेवत जा. तो म्हणाला, "बाई, कुणाला लावलं का काय ते?" असलं हसला की किळस आली. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "पोरगं बरं हाय न्हवं?"

परत आले. विहीणबाईंना फोन केला, पिशव्या वाटू नका सांगायला. वाटल्या नव्हत्या. मुंग्या येतात तिथे टाकतात. मुंग्या गेल्या म्हणाल्या.

नंदू फोन उचलत नाही. नेटवर्क.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा. सकाळी ६.५०
रात्रभर विचार केला. प्रश्न शास्त्राचा आहे. साडेतीन किलोंतली एखादी वाटी बिघडलेली असू शकते. सगळं उटणं नाही. हे सिद्ध करून नंदूला कळवायचं.

७.०० तेल. मग उटणं. चेहरा, मान. सढळ.
७.०१ काहीही नाही.
७.०२ काहीही नाही. म्हटलं होतं.
७.०३ किंचित ऊब. सुखद.
७.०४ ऊब.
७.०५

सकाळी ९.२०
पाण्याने वाढतं. गरम पाण्याने फार वाढतं. वहीत हे नाही. वही अपुरी आहे.

मायाक्का आली होती. ती माझ्याकडे बघून पदरात तोंड घालून खाली बसली. मग उठून फ्रिजमधलं दही आणलं आणि न विचारता थापलं. "गप बसा बाई. मी बी ह्येच क्येलं दोन दिस." बारा वर्षांत मला गप बस म्हणाली नव्हती. बसले. मग तिला विचारलं, हात कसे आहेत? म्हणाली, "इचारलं म्हंजे बरं हायत." तिला चार दिवस सुट्टी दिली. ती म्हणाली, घेणार नाही, गंमत चुकेल.

पाडव्याचं ओवाळणं दह्याच्या तोंडानेच झालं. हे गंभीर राहिले. एवढं मात्र चांगलं केलं त्यांनी.

सकाळी १०.१५
नंदूला फोन. चौथ्यांदा उचलला. विचारलं, अभिमन्यू कसा आहे? म्हणाली, "अजून आग होते. सारखा तोंड धुतोय."

मी म्हणाले, पाणी अजिबात नको. आधी साध्या तेलाने पुसून घे. मग दही. थंड, आंबट नको, जाड थर. वीस मिनिटांनी पुसायचं, धुवायचं नाही, परत लावायचं. तिसऱ्या थराला आग उतरते. मानेची सगळ्यात शेवटी उतरते.

तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुला हे सगळं कसं माहीत?"

मी म्हणाले, कॉलेजात शिकवलं होतं.

मग पलीकडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेय. हसत होती. "आई, आत्ता तुझ्या तोंडाला दही आहे ना?"

मी म्हणाले, मला खूप कामं पडली आहेत.

फोन ठेवला नाही.