ऑर्व्हलचं बंदूक-शिबिर

केनिसन, नेब्रास्का
९ ऑक्टोबर

ती. लिओटाताईस,
धाकट्या ऑर्व्हलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं जुळवतेस, म्हणून लिहून कळवतो. चोरीचं तुला ठाऊकच आहे. भर दुपारी चोर आला, गॅरेजातली करवत नेली, जाताना स्वयंपाकघरात बसून सफरचंदाचा केक खाल्ला, आणि मी बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत घोरत होतो. शेरीफचा माणूस म्हणाला, तुमचं घोरणं ऐकूनच तो निर्धास्त झाला असेल. हे त्यानं गावभर केलं. मग मी घराच्या रक्षणासाठी शॉटगन कशी चालवायची, याच्या दोन दिवसांच्या शिबिरात नाव घातलं. पन्नास वर्षं बदकं मारलेला माणूस मी. म्हटलं, चार गोष्टी त्यांनाच शिकवून येऊ.

शिकवणाऱ्या बाईचं नाव योलांडा ट्रेव्हिन्यो. पूर्वी शेरीफच्या हाताखाली होती. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल न लागेल. माझ्या बारा बोअरला मी टॉर्च, नेम धरायची लाल ठिपक्याची दुर्बीण, पट्टा आणि कडेला सहा काडतुसं असं सगळं लटकवलं होतं. तिनं बंदूक फिरवून पाहिली आणि विचारलं, हे नाताळचं झाड घरूनच सजवून आणलंत का. पहिल्या बाराला टॉर्च गळून पडला, तिसऱ्याला दुर्बीण. तिनं सगळं एका बादलीत गोळा करून जेवणाच्या सुट्टीत माझ्या हवाली केलं. वर सांगितलं की टॉर्च हातात धरावा. बंदुकीवरच्या टॉर्चनं माणूस बघायचा म्हणजे आधी त्याच्यावर बंदूक रोखणं आलं.

मग काडतुसं. मी माझं जुनं मत ठोकून दिलं, की शॉटगनला नेम लागत नाही, दाराकडे तोंड करून धरली की झालं. तिनं माझ्या घराचा बोळ किती पावलांचा ते विचारलं. अकरा, म्हटलं. तेवढ्यावर तिनं जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ काढलेला कागद लावला. माझ्या स्वस्तातल्या जबर काडतुसानं मला दोन पावलं मागे ढकललं आणि नवांपैकी सात छर्रे वर्तुळात बसले. उरलेले दोन कुठे गेले, म्हणाली. मातीच्या ढिगात, म्हटलं. तर म्हणते, घरात ढीग नसतो, पातळ भिंत असते. तिच्यापलीकडे कोण झोपतं? मी म्हटलं, माझी बायको मार्जरी गेल्यापासून कोणी नाही. ती म्हणाली, त्याच्या पलीकडे रस्ता तरी असेलच ना.

शेवटी तिनं आखूड दस्त्याची, बारीक नळीची वीस बोअर आणि कमी धक्क्याची काडतुसं दिली. सगळे छर्रे बशीत मावतील असे बसले. बारा बोअर ही मर्दाची आणि वीस बोअर बायकांची, असं मी चाळीस वर्षं सांगत आलो, ते कृपा करून कुणापाशी काढू नकोस.

दुसरा दिवस बरा गेला.

हसून झाल्यावर लोभ शिल्लक ठेव.
तुझा ऑर्व्हल


डुलूथ, मिनेसोटा
१७ ऑक्टोबर

चि. ऑर्व्हलास,
लिओटाचे अ. उ. आ.

बादलीचा भाग मी शेजारच्या फ्लॉरिनला दोनदा वाचून दाखवला. तिनं विचारलंय की तू अजून सडा आहेस का. मी म्हटलं, आहे, पण घोरतो.

आता मुद्द्यावर येते. चौतीस वर्षं मी शाळेत पोरांचे निबंध तपासले. तीन पानं पहिल्या दिवसावर आणि दुसऱ्या दिवसाला चार शब्द! जिथं पोरगं एका ओळीत उरकतं, तिथंच त्यानं काहीतरी फोडलेलं असतं. काय फोडलंस?

उत्तर लिहीपर्यंत रागावलेय असं समज.
लिओटा


केनिसन
२४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोडलं नाही. मारलं.

दुसऱ्या दिवशी प्लायवुडचं खोटं घर होतं. एकेका खोलीत कागदी माणूस गर्रकन वळायचा. आधी त्याचे हात बघायचे, मग ठरवायचं. दोघांना मी बरोबर ओळखलं. तिसऱ्यावर बार टाकला, अगदी छातीच्या मधोमध. ती कागदी बाई निघाली आणि तिच्या हातात फोन होता. मी म्हटलं, पिस्तूल दिसलं. आणि ताई, खरंच मला पिस्तूल दिसलं होतं.

योलांडा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बंदूक घेऊन रिकामी केली आणि समोरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मला तिथं पाटी आहे हेच दिसलं नव्हतं. सहा महिने मी चष्मा पुसतोय नि चष्मेवाल्याला शिव्या घालतोय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. नोव्हेंबरात ऑपरेशन आहे. माझ्या बंदुका तोवर तिच्या तिजोरीत. सर्टिफिकेट तुम्हाला स्वतः वाचता येईल तेव्हाच देईन, म्हणाली.

हे फ्लॉरिनला वाचून दाखवू नकोस.
ऑर्व्हल


केनिसन
१२ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

ऑपरेशनं छान झाली. पट्टी निघाल्यावर आरशात मला आपले वडील दिसले, आणि त्यांची तब्येत काही बरी वाटली नाही. तिजोरीतल्या बंदुका परत आणल्या, एक वीस बोअरही विकत घेतली, आणि सर्टिफिकेटही वाचलं. बाईनं माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवलंय.

मंगळवारी दुपारी तीनला, बर्फ पडत असताना, मी निजायच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतो. स्वयंपाकघराचं दार उघडलं. पावलं वाजली. शिकवल्याप्रमाणे पलंगामागे गेलो, शेरीफला फोन लावला, पेटीतून वीस बोअर काढून भरली. नळी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर. कोण आहे म्हणून दरडावायचं होतं, पण तोंडातून कोंबडीचा आवाज निघाला. नुसते खण उघडल्याचे आवाज. मग पावलं बोळातून इकडे आली आणि दारात बर्फानं माखलेला एक मोठा कोट उभा राहिला. टोपी डोळ्यांपर्यंत. हातात काहीतरी चकाकत होतं.

मी हात बघितले. सूप वाढायचा डाव होता.

अर्ध्या मैलावरची अर्मा झेलेंका, ताई. चौऱ्याऐंशीची आहे, दोन वर्षं झाली तिला काही आठवेनासं होऊन. पायांत घरातल्या सपाता. बंदूक तिला दिसलीही नाही. तिला दिसला तो नऊ वर्षांपूर्वी वारलेला तिचा नवरा एमिल, आणि तो एमिल म्हणजे मी. आत्ता फरशी पुसलीय नि तू बुटांसकट आत आलास, असं तिनं मला झापलं.

बंदूक रिकामी करून पेटीत घातली. कुलूप तिसऱ्या खेपेला लागलं. फोनवरच्या मुलीला सांगितलं की चोर नाही, बायको आहे. मग तेही दुरुस्त करून सांगावं लागलं. अर्माला घोंगडी दिली, पाय कोमट पाण्यात ठेवले, कॉफी केली. कॉफी पाणचट आहे म्हणाली.

ऑक्टोबरातल्या डोळ्यांना तिच्या हातात काय दिसलं असतं, ते विचारू नकोस. मी तीन दिवस स्वतःला विचारतोय.

अर्माच्या मुलीला फोन करून बोलावलं, तिला यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ अर्मा माझ्या पायांकडेच रागानं बघत बसली होती. शेवटी मी वाकून दोन्ही बूट काढले, दाराशी नेऊन ठेवले आणि म्हटलं की चुकलं माझं. ती म्हणाली, दर वेळी हेच म्हणतोस, एमिल, ये, बस.

मी बसलो.

तुझ्या मायेला पारखा न झालेला,
ऑर्व्हल