आपली वाळू विकण्याबाबत

लेमोनियाताईला, मेलबर्न मुक्कामी,

धाकट्या स्तामाताकडून नमस्कार आणि दोन्ही गालांवर पापे. तब्येत कशी आहे ते कळव, पण मागच्यासारखी गोळ्यांची नावं लिहीत बसू नकोस, वाचून माझंच पोट बिघडलं. इकडे सगळं ठीक. नवरा घोरतो, शेळ्या दूध देतात, विहिरीला पाणी आहे. गुडघा सोडला तर मलाही काही झालेलं नाही, आणि पुढची सगळी लांबलचक भानगड त्या गुडघ्यामुळेच झाली.



तुझा कागद पोचला. ‘विकून टाकू, आता कुणाला हवी ती वाळू’ असं तू लिहिलंस. बाबांनी भावांना द्राक्षमळे दिले आणि आपल्या दोघींना समुद्रकाठची वाळू दिली (जिथे कांदासुद्धा उगवत नाही ते मुलींना द्यायचं, ही आपल्या बेटाची रीतच), तेव्हा तू तीन दिवस जेवली नव्हतीस. आता भाऊ त्या मळ्यांत कंबर मोडून घेतात आणि आपल्या वाळूसाठी अथेन्सचा तो व्रेतोस हॉटेलचे नकाशे घेऊन खेटे घालतो. तू विकू म्हणालीस, मी फोनवर हो म्हटलं. सोमवारी नोटरीकडे जायचं ठरलं. म्हणून रविवारी दुपारी म्हटलं, परकी होण्याआधी गुडघ्याच्या औषधाला त्या वाळूत शेवटचं पुरून घेऊ.

तुला आठवत असेल (नसेलही, तिकडे म्हणे गुडघ्याला सुई टोचतात). एकीनं खड्ड्यात झोपायचं, दुसरीनं मानेपर्यंत तापलेली वाळू ओढायची, घाम पुसायचा, मग वारा लागायच्या आत घोंगडीत गुंडाळायचं. एकटीचं काम नव्हेच ते. तू गेल्यापासून एकोणीस वर्षं माझी दुसरी म्हणजे शेजारची कालिरोई. तळायच्या माशाला पीठ लावावं तशी ती वाळू टाकते. तू टाचेपासून वर थापत यायचीस, मध्येच काखेत गुदगुल्या करायचीस, आणि मी हलले की सगळी वाळू पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा मला तुझा राग यायचा. जाऊ दे.

तर कालिरोईनं मला पुरलं, ‘जरा टेकते गं’ म्हणाली, झाऊच्या झाडाच्या सावलीत गेली आणि मेल्यासारखी झोपली. मी पडून राहिले. डोळे जमिनीलगत असले की समुद्र उंच दिसतो. दुपारची बोट बंदराकडे चालली होती. कठड्याला माणसं टेकलेली होती. मी त्यांत कुणाला शोधत नव्हते, उगाच काही मनात आणू नकोस.

तेवढ्यात व्रेतोस आला. बरोबर मोजणीवाला, त्याच्या हातात हातोडा आणि खुंट्या. खुंटी माझ्या कानाशी आली तेव्हा मी म्हटलं, “अरे आंधळ्या, जरा पलीकडे ठोक.” हातोडा त्याच्याच पायावर पडला. व्रेतोस म्हणाला, “काकू, हे काय नवीन? काल तर तयार होतात.” म्हटलं, “आजही आहे.” “मग उठा.” “आत्ता उठणार नाही.” “तुम्हाला कुणी फूस लावली?” म्हटलं, “गुडघ्यानं.” शहरातला माणूस, त्याला काय कळणार. त्यानं सरपंचाला फोन लावला की बाईनं जमीन वाचवायला स्वतःला गाडून घेतलंय.

पाव तासात अख्खं कॅफे पत्ते टाकून वाळूवर हजर. हे गुडघ्याचं औषध आहे हे सरपंचाला चांगलं ठाऊक होतं, त्याची आई आपल्याच शेजारी पुरून घ्यायची. पण हॉटेल कुणालाच नकोय आणि पुढे होऊन बोलायची हिंमत एकालाही नाही. त्यांना आयतं डोकं सापडलं. “स्तामाता, हलू नकोस,” सरपंच म्हणाला. म्हटलं, “हलता येतंय का मेल्या, काढ मला.” तर टाळ्या. बायका कपाळाचे मुके घेऊन गेल्या, दुसरं काही वर नव्हतंच. कुणी टरबुजाची फोड भरवली, कुणी फोटो काढले. उकरायला मात्र कुणी तयार नाही. शेवटी वारा सुटला, व्रेतोस गेला, मग कालिरोई उठली आणि विचारते, “एवढी माणसं कशाला गं? कोण गेलं?”

वारा लागला तो लागलाच. गुडघा आता भोपळ्याएवढा आहे. गाव मला वाटेत अडवून चीज देतं, आणि मी तोंड लपवत फिरते, कारण मी तर विकायला निघाले होते.

तू येऊ नकोस. प्रवास लांबचा, तुझे पाय सुजतात, इथे ऊन फार. माझं मी बघेन. जावयाला आशीर्वाद, नातीचा फोटो पाठव, मागचा नवऱ्यानं चष्म्याखाली ठेवून चुरगाळला.

तुझी,
स्तामाता

ता. क. कालिरोई सांगते की ती झोपली नव्हती, डोळे मिटून लक्ष ठेवत होती. खोटं आहे.

आणखी एक. सोमवारी मी लंगडत नोटरीकडे गेलेच. हो म्हटलं होतं, म्हणून माझी सही करून आले. तो म्हणाला, तुमच्या बहिणीनं तिकडच्या वकिलातीत सही करून टपालानं पाठवली तरी चालेल. मी सांगितलं, माझ्या बहिणीला सही येत नाही, ती अंगठा उठवते, आणि तिचा अंगठा मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही. त्यानं तसं लिहून घेतलं. गावात सगळ्यांत सुंदर अक्षर तुझं होतं हे मला माहीत आहे, राग आला तर येऊ दे. आता तुला यावंच लागेल. ऑगस्टमध्ये ये, तेव्हा वाळू बरोबर तापलेली असते. विकायचं की नाही ते तिथेच ठरवू. आधी तू झोप, वाळू मी ओढते.