भाऊजींना कामावर घेतलं
मार्गशीर्ष वद्य पंचमी, अकोला

जिंकलो! शेठ नमले. पिऊन कापसाची बैलगाडी उलथवली म्हणून त्यांनी भाऊजींना काढलं होतं. रिकामपणात दारू वाढतच गेली आणि परवा ते विहिरीत उडी घ्यायला निघाले. अक्कानं ओढून धरलं. तिचे हातांचे तळवे काठाच्या दगडांवर सोलून निघालेत.

सकाळी शेठ म्हणाले, "आधी दारू सोडू दे त्याले, मंग काम."

मी त्यांचा कारकून, एरवी मान वर करत नाही. पण ते सोललेले तळवे डोळ्यांपुढून हलेनात. म्हणालो, "काम नसलं तं दिवसभर दारूच उरते, शेठ, अन् दारूच्या पुढं विहीर हाय. विलायतेले धाडायचा कापूस पडून हाय, गाडीवान भेटून नाई राहिले. त्यायले घ्या. मी संग बसतो."

एवढं धाडस आलं कुठून?

दुपारी शेजारच्या खेड्यातून आम्ही दोघं कापूस घेऊन आलो. भाऊजींचे हात कापत होते. दारू सुटलेली नाही, ठाऊक आहे. पण कासरा त्यांनी मला दिला नाही. गाडी रिकामी झाल्यावर शेठना स्वतःच विचारलं, "उद्या कवा येऊ?"

भाऊजी 'उद्या' म्हणाले! अक्काला सांगायला मी धावतच घरी आलो.